मागणी

त्यांच्या भाषेत गिऱ्हाइकाला एक शब्द आहे.
जुन्या पुस्तकांत त्याचा अर्थ, मागणी घालायला आलेला.
टोपी हातात, बूट पुसलेले,
मुलीच्या बापासमोर घसा खाकरणारा.

चार वर्षांत मला मागण्या आल्या
दिवसाला सात, कधी दहा,
शहरात मोठं प्रदर्शन भरलं की मोजायचं सोडून दिलेलं.
घसा कुणी खाकरला नाही.

खोलीचं भाडं रोजचं एकशेचाळीस युरो,
दुपारी बाराच्या आत, खालच्या काचेपाशी.
चादरींचे वेगळे.
म्हणजे पहिले तिघे घरमालकाचे,
चौथा आणि पाचवा लासीचे,
ज्यानं मला तिसा नदीकाठच्या गावातून
लग्नाचं बोलत बोलत गाडीत बसवलं.
सहावा माझा.
पण सहाव्याच्या वेळी मी खोलीत नसायचे,
छताच्या कोपऱ्यात ओलीचा एक डाग होता,
तिथं जाऊन बसायचे.

जर्मनमधलं पहिलं वाक्य एनिकोनं शिकवलं:
'टेबलावर ठेवा.'
बरेच महिने तेवढ्यावर भागलं.

लोक विचारतात, कशी सुटलीस?
बस सुटते तशी नाही.
हलक्या कापडाचा रंग सुटतो तशी,
दर धुण्यात थोडी.
दोनदा परतही गेले.

दाढ सुजली म्हणून दवाखान्यात गेले होते.
डॉक्टरीण हातमोजे चढवत म्हणाली, कुठं दुखतंय?
साधा प्रश्न. तिचा रोजचा.
मी तोंड उघडलं आणि मिटताच येईना.
शेवटी दाढेकडे बोट केलं,
दाखवायला तीच सोपी होती.
तिनं पुढच्या तारखेचं कार्ड दिलं,
मागे पेन्सिलनं एक फोन नंबर.
ते कार्ड मी बुटात ठेवलं, पाच महिने.
आकडे घामानं पुसले,
तोवर पाठ झाले होते.

आता पहाटे तीनला बेकरीत जाते.
पूर्वी याच वेळेला अंग टाकायचे.
पांढरे टॉवेल घरात आणत नाही.
दाराची घंटा काढून टाकलीय,
शेजारची फ्राउ क्रेच्मर कडी वाजवते, हळू,
आणि आधी स्वतःचं नाव सांगते.

शनिवारी नेकारकाठच्या बाजारात
बटाटेवाल्याच्या शेजारी आमचं टेबल असतं.
वर कागद, त्यावर आमची मागणी.
बाईला दंड नको, राहायला घर द्या.
विकत घेणाऱ्याला विचारा,
कायद्यानं विचारा, त्याच्या नावानिशी.

नगरपालिकेतली एक बाई सांगून गेली,
काम म्हणजे काम, बाकी सगळा तुमचा सोवळेपणा.
मी म्हटलं, बेकरीत माझा हात भाजला
तर मालक पाव स्वस्त करत नाही,
आणि भाजलेल्या हाताचे जास्त पैसे मोजणारंही
कुणी दारात उभं राहत नाही.
ती घड्याळाकडे बघत होती.

एनिको अजून तिथंच, तिसऱ्या मजल्यावर.
फोनवर ओरडते,
तुझ्या कागदानं माझं भाडं कोण भरणार?
याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही.
अर्धं आहे. माझ्या घरातला सोफा.
तिला तो अजून पटलेला नाही.

परवा एकजण थांबला. राखाडी कोट, जाळीची पिशवी,
पिशवीत कांद्याची पात.
सगळा मजकूर शांतपणे वाचला,
म्हणाला, वाईट आहे हो हे सगळं.
आवाजावरून ओळखलं मी त्याला.
त्यानं मला नाही ओळखलं.
चेहरा बघायची त्याला तेव्हाही सवय नव्हती.

त्यानं सही केली. दोनशे बारावी.
नाव, आडनाव, रस्ता, घर नंबर,
वळणदार अक्षर, शाळेत बक्षीस मिळालं असेल असं.
त्या सगळ्यांतल्या एकाचं नाव
मला पहिल्यांदा कळलं.

खोडावं? बोंबलावं? बटाटेवाल्याला सांगावं?
पात हिरवीगार होती. पाणी टपकत होतं तिच्यातून.
त्यानं पेन परत द्यायला हात पुढे केला.

'टेबलावर ठेवा,' मी म्हटलं.